कौलं उतरवण्याआधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘भूकंप आणि चिपळूणची जुनी घरं’. भूकंप म्हटला की आपल्याला आठवतो तो कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. कुंभार्ली घाट चढलात की कोयनानगर. तिथे सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणालाही भेगा गेल्या, त्या त्याच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो नेमक्या त्याच उंचीवर. आकार अचानक बदलला की ताण तिथे गोळा होतो. घरातही तिरकी भेग सुटते ती खिडकीच्या कोपऱ्यातूनच.

किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. हादरा कोयनेपेक्षा मोठा नव्हता, तरी माणसं गेली हजारोंनी. भिंती दोन-अडीच फुटी, पण दोन पदरी. बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे माती आणि चिपा, आणि दोन्ही पदर धरणारा आरपार दगड कुठेच नाही. हादऱ्याने पदर सुटले. बाहेरचा अंगणात पडला, आतला अंथरुणावर, आणि वरून माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, फूटभर माती. जाड भिंत म्हणजे पक्की भिंत, हा समज तिथे फार महागात पडला. खांब-तुळयांवरची काही छतं मात्र भिंती ढासळल्यावरही उभी होती.

आपल्या घरांतले तसलेच खांब आज आपण काढून टाकतोय, आणि याचंच मला फार वाईट वाटतं. माकडं कौलं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, वासे वाळवीने खाल्लेत, सगळं मान्य. म्हणून कौलं उतरवून चार इंची स्लॅब? मंगलोरी कौलांचं छप्पर लाकडासकट चौरस मीटरला साठ-सत्तर किलो भरतं, स्लॅब अडीचशे. वीस चौरस मीटरच्या माजघरावर पाच टन झाले! भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि तो सोसायचा कुणी, तर मातीत रचलेल्या चिऱ्याने. कौलं नकोच असतील तर पत्रा घाला, पण स्लॅब नको. लिस्बन १७५५ च्या भूकंपात कोसळलं. ते पुन्हा उभारताना तिथल्या लोकांनी भिंतींच्या पोटात फुलीच्या आडव्यातिडव्या लाकडांचा सांगाडा मुद्दाम घातला. आपल्याकडे लाकूड घरात आहेच, ते काढू नका एवढंच म्हणणं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा दुरुस्ती भराभर. छपराखाली, भिंतीच्या माथ्याशी चारही बाजूंनी अखंड पट्टा हवा, आतून आणि बाहेरून. तेवढ्या पट्ट्यातला गिलावा काढा, सांधे अर्धा-पाऊण इंच खरवडा, भिंत धुवा. सिमेंट-वाळूच्या एकास तीन मसाल्याचा थर, त्यावर वेल्डमेशची म्हणजे जोडलेल्या तारांची जाळी आणि ८ मिलिमीटरच्या दोन सळ्या, आतली-बाहेरची जाळी भिंतीतून आरपार बांधलेली, वर दुसरा थर. जाळीचा जोड कोपऱ्यावर कधीच नको, फूटभर पुढे न्या. जाळी गॅल्व्हनाइज्डच घ्या. आपल्या खाऱ्या हवेत साधी गंजून फुगते आणि गिलावाच उडवते.

दोन पदरी काळ्या दगडाची भिंत असेल तर मीटर-मीटरवर तीन इंची आरपार भोक, त्यात दोन्ही टोकांना हूक वळवलेली सळई आणि काँक्रीट. दगड हलवून हलवून काढा, घण मारलात तर शेजारचे सुटतील. बाजूच्या त्रिकोणी भिंतीचा माथा उतरवून तिथे फळ्या ठोका. वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडाला लोखंडी पट्टीने बांधा आणि वाशांखालून तिरक्या फळ्या मारा. पण त्याआधी वाळवीचे वासे बदला, पोखरलेल्या लाकडात खिळा धरत नाही.