पहिलं अर्धं मिनिट

(दृश्य: पहाट. सोसायटीचं पार्किंग. सेल्फ मारल्याचा आवाज.)

डिसेंबरातली पुण्याची सकाळ. पारा १० ते ११ अंशांवर. रात्रभर उभी असलेली पेट्रोल गाडी सुरू होते आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच गुरगुरते. आरपीएमचा काटा १२००च्या आसपास जाऊन थांबतो. मागे सायलेन्सरच्या तोंडाशी एक थेंब जमतो. लोंबतो. फरशीवर पडतो.

हा थेंब पाहून कित्येक जण धास्तावतात, इंजिनातलं पाणी अडवणारं गॅस्केट गेलं की काय म्हणून. बहुतेक वेळा तसं काही नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी तापलेली असली की ही वाफ दिसतही नाही. गार लोखंडाला लागली की तिचं पाणी होतं. याच वेळी गाडीतून सगळ्यात घाण वायू बाहेर पडत असतात, आणि ते मात्र डोळ्यांना दिसत नाहीत.

(दृश्य: गॅरेज. टेबलावर मधोमध कापलेला कन्व्हर्टर.)

इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या वाटेत बसवलेला हा स्टीलचा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत सिरॅमिकची वीट, आणि तिला आरपार बारीक भोकं. एका चौरस इंचात ४०० ते ६००. मधल्या भिंती जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड. त्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत थर, आणि थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे सूक्ष्म कण. सगळे मिळून काही ग्रॅम भरतील. तापलेला असताना हा डबा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, तिन्ही मिळून १०० पैकी ९५हून जास्त भाग निरुपद्रवी करून सोडतो.

गार असताना जवळजवळ काहीच करत नाही.

त्याला लागतात २५० ते ३०० अंश. निम्मं विष मारण्याइतकी ताकद ज्या तापमानाला येते, त्याला इंजिनिअर ‘लाइट-ऑफ’ म्हणतात. त्याआधी ती वाफ आडवी येते. गार विटेवर तिचं पाणी होतं, आणि मग आलेली उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. ओल्या सरपणाची चूल ज्यांनी पेटवली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी लाकूड सुकतं, मग धरतं. आणि एकदा धरलं की कन्व्हर्टरही स्वतःला तापवत नेतो, कारण आत विषारी वायू जळताना उष्णताच बाहेर पडते.

दुर्दैव असं, की नेमक्या याच वेळी इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावं लागतं. गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थोडं इंजिनाच्या आतल्या भिंतींनाच चिकटून राहतं. म्हणजे घाण सर्वांत जास्त, आणि सफाई करणारा अजून झोपलेला.

(दृश्य: काट्याचा क्लोज-अप.)

मग त्याला उठवायचं कसं? मला या साऱ्या विषयात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. गाडीचा संगणक मुद्दाम ठिणगी उशिरा टाकतो. मिश्रण उशिरा पेटतं, झडप उघडते तेव्हाही आत आग धुमसत असते. जो जोर पिस्टनला मिळायचा, त्यातली बरीच उष्णता नळीतून थेट विटेवर जाते. इंजिनाची ताकद घटते, म्हणून हवा आणि पेट्रोल वाढवून काटा चढा ठेवावा लागतो. ती सकाळची गुरगुर इंजिन गार असल्यामुळे असतेच, पण तिच्यात हाही वाटा आहे. अर्धं मिनिट गाडी जाणूनबुजून पेट्रोल वाया घालवते, आपल्या छातीत जाणारी हवा वाचावी म्हणून.

दुसरा उपाय जागेचा. पूर्वी हा डबा सीटखाली, इंजिनापासून लांब असायचा. तिथवर जाईपर्यंत धूर निवायचा आणि तापायला दीड-दोन मिनिटं जायची. आता तो इंजिनाला खेटून बसवतात. काम २०-३० सेकंदांवर आलं. पण इतक्या जवळ ठेवायचा तर हायवेवरची भट्टीही सोसली पाहिजे, नाहीतर धातूचे बारीक कण एकमेकांत वितळल्यासारखे मिसळून मोठे होतात आणि जोर गमावतात. असा थर बनवायला वर्षं लागली.

आपल्याकडे हा डबा आला १ एप्रिल १९९५ला. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, सोबत शिसंविरहित पेट्रोलही आलं. शिसं त्या कणांवर चढलं की कन्व्हर्टर निकामी.

(दृश्य: वेताळ टेकडी, नंतर चाचणीचे रोलर.)

पुण्यात टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था ठाऊक आहे. इथे गाड्यांच्या धुराची परीक्षा होते. आधी गाडी निदान सहा तास २० ते ३० अंशांत गप्प उभी ठेवायची. मग रोलरवर चढवून ११८० सेकंदांची ठरलेली चाल चालवायची, आणि धुराचा नमुना पिशव्यांत भरायचा. युरोपात २००० सालापर्यंत सुरुवातीची ४० सेकंदं मोजणीतून वगळली जात. पुढे ती सवलत गेली. आज आपल्याकडेही सेल्फ मारल्या क्षणापासूनचा धूर पिशवीत जातो. मला वाटतं, त्या ४० सेकंदांनी जितकी अक्कल खर्च करायला लावली, तितकी बाकीच्या साऱ्या चाचणीने लावली नसेल.

(दृश्य: पुन्हा पार्किंग.)

गाडी उभ्या उभ्या पाच-दहा मिनिटं तापवणारे शेजारी मी पाहतो. त्याची गरज नसते. हळू चालवत नेली की विटेतून जाणारा गरम धूर वाढतो आणि ती लवकर तापते. फक्त पहिल्या मिनिटात पाय दाबून पळवायची नाही. ज्या पार्किंगमध्ये मुलं स्कूलबसची वाट पाहत उभी असतात, तिथे तर नाहीच. त्यांची नाकं सायलेन्सरच्या जवळ असतात.

काटा ८००वर उतरलाय. पुढे, बॉनेटखाली, वीट तापलीय. मागे मात्र पाईप अजून गार आहे. त्याच्या तोंडाशी आणखी एक थेंब जमतोय.