विकत न मिळणारं गाणं

(दृश्य: पुणे, मंगळवार पेठ, जुना बाजार. ताडपत्रीवर रेकॉर्डींची थप्पी.)

बुधवार आणि रविवार हे पुण्याच्या जुन्या बाजाराचे वार. नळाच्या तोट्या, सायकलची पायडलं, पितळी कुलपं, आणि त्यांच्याच ओळीत या रेकॉर्डी. कव्हर नाही, एकीवर एक आडव्या रचलेल्या. लाखेची रेकॉर्ड अशी ठेवली की वजनाने खालची चिरते. विकणाऱ्यालाही ते ठाऊक आहे, पण त्याच्या लेखी हा भंगार माल.

आमचे काका तिथे उकिडवे बसलेत. लेबलाकडे त्यांचं फारसं लक्ष नाही. खोबणी संपते तिथे लेबलाभोवती एक गुळगुळीत पट्टा असतो. त्यावर बारीक, खरवडल्यासारखा एक आकडा आहे, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. लेबल चुकीचं चिकटलेलं असू शकतं. हा आकडा सहसा खोटं बोलत नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेत. 'फिल्ममध्ये नाव घालू नका,' म्हणाले. का, ते पुढे येईल.

(दृश्य: काकांचं स्वयंपाकघर. सिंकशेजारी टॉवेल, त्यावर रेकॉर्ड.)

साधं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. लेबल भिजू नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी उपडी घातली आहे. ब्रश मऊ, आणि फिरवायचा तो खोबणीच्या दिशेने, गोल. आडवा मारला तर घाण निघत नाही, खोबणीत आणखी घट्ट बसते. स्पिरिटला मात्र या घरात बंदी. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणजे रेकॉर्डबरोबर गाणंही गेलं.

(दृश्य: टर्नटेबल, सुई अगदी जवळून.)

एलपीची सुई इथे उपयोगाची नाही. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्डची खोबणी जवळजवळ तिप्पट रुंद. बारीक सुई तळाशी लोळते आणि नुसती खरखर वर आणते. जाड सुई खोबणीच्या दोन्ही भिंतींना टेकते, आणि गाणं त्या भिंतींवरच कोरलेलं असतं.

आता वेग. म्हणायला ७८, पण सुरुवातीच्या काळातलं ध्वनिमुद्रण ७० ते ८० फेऱ्यांच्या मध्ये कुठल्याही वेगाने झालेलं असू शकतं. मग खरा वेग कळायचा कसा? काका हार्मोनियम काढतात. रेकॉर्डमधल्या पेटीचा सूर घरच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडला, की समजायचं वेग चुकलाय. टर्नटेबलचा वेग केसाकेसाने हलवत सूर पट्टीवर आणायचा. तिन्हीसांजेला बसले तर जेवायची वेळ टळते, असं काकू कॅमेऱ्यामागून सांगत होत्या.

(काकांचा बाईट.)
'कॉम्प्युटर सगळी खरखर काढून देतो हो. पण तिच्याबरोबर तंबोराही काढतो. मी फक्त टकटक काढतो, खरखर राहू देतो. गाणं तिच्या मागून ऐकू येतंच.'

(दृश्य: जुनी छायाचित्रं. भोंगा, मेणाची तबकडी.)

१९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गायिका गौहरजानचा आवाज टिपला. मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं, आणि जे काय ते साधारण तीन मिनिटांत आटपायचं. रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. रेकॉर्डीला लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातून बाहेर जायची आणि गाणं होऊन परत यायची. १९०८मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, आणि पुढच्या काळात नाट्यपद घराघरात शिरलं.

(दृश्य: काकांचं कपाट, खोके, हाताने लिहिलेली यादी.)

यातलं कितीतरी आज पैसे मोजूनही मिळत नाही. कंपनी विकत नाही, दुकानात नाही, कुठल्या ॲपवर नाही. कंपन्यांच्या गोदामांत आम्हाला शूटिंग करायला मिळालं नाही, म्हणून तिथे काय पडलंय ते या फिल्ममध्ये नाही. इथे आहे ते असं: काका रेकॉर्ड स्वच्छ करतात, फाइल करतात, आणि मागेल त्याला देतात. फुकट. पेन ड्राइव्ह मात्र ज्याचा त्याने आणायचा.

ही चोरी का?

(दृश्य: केसरबाईंचं छायाचित्र. व्हॉयेजरची सोनेरी तबकडी.)

गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १९७७मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे आवाज आणि गाणी असलेली सोनेरी तबकडी चढवायचं ठरलं, तेव्हा त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी निवडली गेली. पण ती रेकॉर्ड तोवर बाजारातून गेली होती. शोधाशोध झाली आणि अखेर न्यूयॉर्कला, लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका खोक्यात ती सापडली. सूर्यमालेबाहेर निघालेलं गाणं पृथ्वीवर असं एका दुकानाच्या खोक्यात पडलेलं होतं. ते ठेवणाऱ्याचे उपकार मानायचे, की मालकी हक्काचे कागद तपासायचे?

(दृश्य: काका टेबलाशी, पुढ्यात वही.)

काका कागद तपासतात. बँकेची सवय. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ला गेले, १९९१ संपताना त्यांचं साहित्य मोकळं होणार होतं, तेव्हा सरकारने मुदत दहा वर्षांनी लांबवली. त्या लाटेत रेकॉर्डीही साठावर गेल्या. म्हणजे १९६०ची रेकॉर्ड १ जानेवारी २०२१ला मोकळी.

पण थांबा, रेकॉर्ड मोकळी म्हणजे गाणं मोकळं नव्हे. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, आणि तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संगीत नाटक 'मानापमान' १९११चं. त्याचे लेखक खाडिलकर १९४८ला गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ला. ती पदं खुशाल घ्या. गदिमा गेले १९७७ला, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत वारसांचे. काकांच्या वहीत प्रत्येक रेकॉर्डसमोर तीन रकाने आहेत: आवाज, शब्द, चाल. तिन्हींवर बरोबरची खूण असेल तरच फाइल इंटरनेटवर जाते.

एवढं करूनही तीसच्या दशकातल्या एका नाट्यपदावर कुठल्याशा यांत्रिक व्यवस्थेने मालकीचा दावा लावला आणि काकांना इशारा आला. कळवलं, पुरावे दिले, पद परत दिसू लागलं. दुसऱ्यांदा मात्र उत्तरच आलं नाही. नाव नको म्हणतात ते यासाठी.

(दृश्य: स्पूल टेपरेकॉर्डर फिरतोय. आवाज नाही.)

आता अवघड कपाट. हे स्पूल खाजगी मैफलींचे. कुणाच्या दिवाणखान्यात, गणेशोत्सवाच्या मांडवात, पडद्याआड मशीन ठेवून घेतलेले. कंपनीचा संबंध नाही, छापील लेबल नाही. गाणाऱ्याला विचारलं होतं? कधी हो, बऱ्याचदा नाही. केसरबाई तर रेडिओवरही गायला तयार नसत. त्यांच्या गाण्याची चोरून केलेली टेप आज ऐकताना आपण त्यांचा शब्द मोडतो, यात शंका नाही. आणि ती टेप नसती तर त्यांच्या तासभराच्या ख्यालाची कल्पना तीन मिनिटांच्या तुकड्यावरून करत बसलो असतो, यातही नाही.

कलाकाराच्या परवानगीशिवाय मैफल रेकॉर्ड करू नये, हे आपल्या कायद्यात आलं १९९४ला. त्याआधी सगळा कारभार डोळ्यांच्या भाषेवर. संग्राहकांचे आपापसातले नियम मात्र कडक. 'तू मला मारवा दे, मी तुला ललत देतो.' पैसे मध्ये आले की माणूस बाद. काही जण ऐकायला देतात, कॉपी देत नाहीत. काही ऐकायलाही देत नाहीत, आणि ते गेले की घरचे स्पूल रद्दीत घालतात. माझ्या मते खरा गुन्हा तिथे घडतो, कलम नसलं तरी.

(दृश्य: मोबाइलचं दुकान, काउंटरवर मेमरी कार्ड.)

कॅसेटच्या जमान्यात यादी दिली की दुकानदार नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा. मग मेमरी कार्ड आलं. 'गाणी टाकून देतो' म्हणणाऱ्याने पैसे घेतले, पण ते ना गायकाला गेले, ना पेटीवाल्याला. तशी गायकांची रॉयल्टीची मागणी जुनी आहे. लताबाईंनी ती साठच्या दशकात लावून धरली. गीतकार-संगीतकारांच्या वाट्याला कायद्याचं संरक्षण मिळायला २०१२ उजाडलं.

(दृश्य: तरुण गायिका, रियाझ.)

या ताईंची मैफल कुणीतरी मोबाइलवर घेऊन त्याच रात्री टाकून दिली. त्यांनी विकायला ठेवलेला अल्बम मात्र ओळखीच्यांनीही फॉरवर्डच करून घेतला. यात आपलं नुकसान होतं, हे त्यांचं म्हणणं खोडण्यासारखं नाही.

(दृश्य: काकांच्या दारात एक मुलगा, हातात पेन ड्राइव्ह.)

या मुलाने काकांकडे याच ताईंचा अल्बम मागितला.

(काकांचा बाईट.)
'अरे, ती आहे ना! विकत मिळतोय ना! मग माझ्याकडे कशाला आलास? तीनशे रुपये काढ. आणि बालगंधर्व हवे असतील तर चहा घेऊन बस.'

(दृश्य: श्रेयनामावली.)

या फिल्ममध्ये वाजलेले रेकॉर्डींचे तुकडे १९४०च्या आधीचे आहेत. तंबोरा आणि सारंगी आजच्या वादकांची, आणि त्यांचं मानधन दिलेलं आहे. स्पूल फिरताना दिसला, तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं नाही, कारण त्या गायिकेच्या नातींशी अजून बोलणं व्हायचंय. त्यांनी होकार दिला तर त्या स्पूलवरचा पूरिया राग पुढच्या भागात.