नाव घातलेली भांडी

[पितळी परात. काठावरून एक बोट फिरतंय. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.]

‘मामाकडून.’ पुढं तारीख. तारखेच्या पुढचं नाव आम्ही चौकटीबाहेर ठेवलंय, कारण ही परात जिची आहे ती कुणाला ओळखू यायला नको. चेहरा दाखवायचा नाही, गाव सांगायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. घरात छळ होणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या ताई म्हणाल्या, आमच्या संस्थेचंही नाव घेऊ नका. नाव झालं की नवरे पत्ता काढत येतात. त्यामुळं पुढची काही मिनिटं तुम्हाला बहुतेक हातच दिसतील. हात आणि भांडी.

[भांड्याचं दुकान. नाव घालायचं मशीन. सुईची थरथर, आवाज तसाच ठेवावा.]

भांड्यावर नाव ‘घालतात’. आहेराचा डबा घेतला की दुकानदार विचारतो, नाव काय घालायचं? विजेवर चालणारी ही सुई यायच्या आधी हातोडीनं एकेक ठिपका ठोकत नाव घालायचे. कुणाकडून, कुणाला, कधी. लग्नघरात डबे सगळे सारखेच दिसतात, आपला आहेर दुसऱ्याच्या नावावर खपू नये एवढीच देणाऱ्याची काळजी. पंधरा-वीस वर्षांनी ते नाव कुणी पंचांसमोर वाचून दाखवेल, हे त्या मामाच्या ध्यानीमनीही नसेल.

[रस्ता. बाभळी. मग एक पत्र्याची खोली, बाहेर चपला.]

सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा दुष्काळी भाग. खानापूर, आटपाडी. या खोलीत एक टेबल, दोन कपाटं, पाण्याचा माठ आणि जाजम. बाजाराच्या दिवशी बाहेर चपलांना जागा पुरत नाही. ‘बाजाराला जाऊन येते’ म्हटलं की घरातून निघता येतं. संस्थेनं आपला दिवस म्हणूनच बाजाराला जोडून घेतलाय. काही जणी पिशवीत आधी भाजी भरून येतात, घरी दाखवायला.

[जाजमावर बसलेल्या दोघी. कॅमेरा पाठीमागून.]

आधी कुणी काही लिहून घेत नाही. पाणी देतात. गाव कुठलं, माहेर कुठलं, पोरं किती, असं बोलणं निघतं. मार लागला असेल तर आधी दवाखाना. नोंदवही त्यानंतर.

[फॉर्म. पेनाचं टोक.]

हा घरगुती घटनेचा अहवाल, नमुना एक. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. अहवाल संरक्षण अधिकारी भरतात. पण याच कायद्यानं नोंदणी झालेल्या स्वयंसेवी संस्थांनाही तो भरायचा अधिकार दिलाय. म्हणून ही पत्र्याची खोली नुसती सल्ला देणारी जागा उरत नाही. इथं लिहिलेला कागद मॅजिस्ट्रेटपुढं जातो.

फॉर्ममध्ये छळाचे प्रकार दिलेत. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक. पहिल्या प्रकाराला बायका पटकन हो म्हणतात. दुसऱ्याला गप्प होतात, ताईही मग थोडा वेळ गप्प बसतात. चौथा प्रकार समजावून सांगावा लागतो. पगार काढून घेणं, किराणा बंद करणं, तुझे दागिने ठेवून घेणं, हाही छळच आहे गं. बऱ्याच जणींना ते नवीन असतं. एका मावशींनी विचारलं, “आन् घरात भांडं वाजलं तर ‘बापाच्या घरचं हाय का’ म्हंत्यात, ते कशात लिवायचं?”

तिसऱ्यात लिहिलं.

फॉर्मच्या शेवटी जोडायच्या कागदांची यादी आहे. दवाखान्याचा दाखला, डॉक्टरची चिठ्ठी आणि स्त्रीधनाची, म्हणजे बाईला लग्नात, माहेराहून मिळालेल्या वस्तूंची यादी. ही फिल्म त्या तिसऱ्या कागदाची आहे.

[वहीचं फाडलेलं पान. बोटांवर मोजणारा हात.]

परात जिची, तिची यादी करायला दीड तास लागला. स्टीलचे डबे, मोठे आणि लहान. पितळी हंडा, कळशी. परात. पोळपाट-लाटणं. शिलाई मशीन. लोखंडी कपाट, आणि हे तिनं आठवणीनं सांगितलं, त्याचा आरसा डाव्या कोपऱ्यात तडकलाय. तो कसा तडकला ते ताईंनी विचारलं. ते उत्तर आम्ही ठेवलेलं नाही. एकूण नग एक्केचाळीस.

सोनं वेगळ्या पानावर. बोरमाळ, झुबे, मंगळसूत्राच्या दोन वाट्या. वजन तिला पाठ होतं, पावती नव्हती.

[सराफ गल्ली, मूस, वितळलेलं सोनं.]

या मुलखाला सोन्याची ओळख करून द्यायला नको. इथली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत. सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करून द्यायची. पाऊस नव्हता, शेत पिकत नव्हतं, तेव्हा या भट्टीनं कित्येक घरं वर काढली. भट्टीत गेलेला दागिना कुणाचा होता हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. सोन्यावर नाव नसतं. पितळी परातीवर असतं.

[जुने फोटो. कासेगाव. मग कुंडल.]

हा भाग न्यायाच्या बाबतीत पूर्वीपासून जरा आगाऊच. 1943 ते 1946 या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच आला, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढं बांधाची भांडणं यायची, तशी चुलीजवळचीही यायची. त्या लढ्यात पोरवयात उतरलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर पुढं 1980 नंतर स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत परित्यक्तांबरोबर उभ्या राहिल्या. नवऱ्यानं टाकलेली, पण काडीमोड न दिलेली बाई. तिला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, राहायला जागा हवी, अशा त्या मागण्या. आज ऐकायला साध्या वाटतात. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव येणं तेव्हा साधं नव्हतं. इंदुताई 2017 साली गेल्या.

या खोलीतल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या त्याच मोर्च्यांतून आलेल्या. त्यांना ‘समेट’ या शब्दाचा राग आहे. आम्हालाही आहे, ते लपवत नाही. पाहुणेमंडळी बसतात, चहा होतो, ‘झालं गेलं विसरा’ म्हणतात आणि बाईला गाडीत बसवून परत पाठवतात. मारणाऱ्यानं काय कबूल केलं, हे कुणी लिहून घेत नाही.

[सांगली शहर, पूल. सातारा, अजिंक्यतारा. झटपट दृश्यं.]

सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ ही संस्था आहे. तिच्यातूनच 1996 साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. आमच्यावरचा अन्याय कोणता, ते आम्ही सांगू, असं म्हणणाऱ्या बायकांची संघटना. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांचं लेक लाडकी अभियान. गर्भातल्या मुलीचं निदान करणाऱ्या डॉक्टरांकडं गरोदर बाईला पाठवून त्यांना पकडून देणारं. याच सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना नवीन नावं मिळाली. प्रत्येकावर वेगळी फिल्म होईल. आम्ही आपल्या परातीकडं येऊ.

[पहाट. रिकामा टेम्पो.]

कायद्याचं कलम 19 सांगतं की मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत द्यायचा आदेश देऊ शकतात. आदेश झाला. कोर्टात कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळं त्या तारखा तुम्हाला दिसणार नाहीत. दिसतोय तो टेम्पो, एक महिला हवालदार, दोन कार्यकर्त्या आणि ती.

[घराचा दरवाजा, लांबून. आवाज स्पष्ट.]

उंबऱ्यात सासू उभी आहे. इकडं सासूला आत्या म्हणतात. हवालदारांनी आदेशाचा कागद दाखवला. आत्या बाजूला झाल्या नाहीत, पण अडवलंही नाही. अंगण शेजाऱ्यांनी भरलेलं.

ताई यादीतला नग वाचतात. ती आत जाऊन तो घेऊन येते. कार्यकर्ती तो उलटा करून नाव बघते, मोठ्यानं वाचते, खूण करते. मामाकडून. मैत्रिणींकडून. ‘सौ. काकींकडून सप्रेम.’ एका डब्यात डाळ होती. तिनं ती सुपात ओतली, सूप आत्यांच्या पायाशी ठेवलं, डबा घेतला. कुणीच काही बोललं नाही.

मग परात. आत्या म्हणाल्या, ही आमच्या घरची, पहिल्यापासूनची. परात उलटी केली. अक्षरं काळवंडलेली, वाचता येईनात. हिनं ओचा ओला केला आणि काठ घासला. दोनदा घासला.

“आवं आत्या, मामानं दिल्याली हाय. बगा की.”

आत्यांनी बघितलं नाही.

[टेम्पोत चढणारं कपाट. आरशात आभाळ, डावीकडं तडा.]

कपाट उचलायला शेजारचे दोघं तरुण पुढं आले, न सांगता. नवरा घरात नव्हता. होता म्हणतात मागच्या खोलीत, आम्हाला दिसला नाही.

पुढचं थोडक्यात. पोटगीचा आदेश झाला, पैसे दोन महिने आले, मग थांबले, आता वसुलीचा अर्ज आहे. मुलगा तिच्याकडं, मुलगी तिकडं. सोन्याचं पान तसंच आहे. तिला वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला, फुकट. बाईला तो मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. रात्री-अपरात्री मदत लागली तर 181 आणि 112. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं काही दिवस राहायचीही सोय होते.

[भाड्याची खोली. भांडी रचणारे हात. मशीनवर कापड.]

एका खोलीला एवढी भांडी जास्तच होतात. डबे एकावर एक गेलेत छतापर्यंत. शिलाई मशीन दाराजवळ, उजेडाला. चिंच लावून परात घासून ठेवलीय, भिंतीला टेकवून.

ताई यादी घेऊन आल्यात. एक्केचाळीसपैकी अडतीस. कळशी, एक पातेलं आणि कपाटाची किल्ली, या तीन नगांपुढं फुली आहे. कपाट आल्यापासून बंदच आहे.

“कळशी ऱ्हाऊ द्या ताई,” ती म्हणते. “किल्लीचं लिवा.”

ताई लिहितात.