लाइन

नमस्कार श्रोतेहो. आज ‘लाइन’ या एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलतो.

हा शब्द आला जवसातून. हो, जवसातून! लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. त्याच्या खोडाच्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याचा दोरा म्हणजे लिनेआ. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. रेघेवर माणसं उभी केली की रांग. दोरा, रेघ, रांग, एवढं ध्यानात ठेवा. ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो, तेच हे जवस.

आपल्या नागपूरची सिव्हिल लाइन्स घ्या. फौजेच्या बराकींच्या रांगा म्हणजे लाइन्स, आणि इंग्रजांच्या मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. म्हणजे पुन्हा रांगच.

आता माझ्या मावशीच्या घरची गोष्ट सांगतो, नागपूरच्याच महाल भागातली. तिची सून साताऱ्याकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. मे महिना, भर दुपार, आणि कूलर गपकन बंद. मावशी आतून ओरडली, “लाइन गेली व माय!” सुनेच्या माहेरी म्हणतात, लाईट गेली. ती बिचारी धावत मोरीत गेली, नळ सोडून पाहिला आणि म्हणाली, “आई, लाइनला पाणी आहे की!” मावसोबा म्हणाले, “लाइनमनला फोन लाव.” तिनं लावला. मावशीनं विचारलं, “लाइन आली का?” सून म्हणाली, “नाही, लाइन बिझी आहे.” तेवढ्यात घामाघूम झालेला दीर रेशन घेऊन आला. दारातूनच म्हणाला, “केवढी लाइन होती तिथं!” मावशी उसळली, “तिथं होती? मंग आपल्याचकडची कशी गेली रे?” सगळे पोट धरून हसले. लाइन आली संध्याकाळी. आठवड्यानं सून माहेरी फोनवर सांगत होती, “आई, मघाशी आमची लाइन गेली होती.” आणि पलीकडून आई विचारत होती, “कसली लाइन गं?”

  

तर, गेली की वीज, बिझी की फोन, होती की रांग. सोबतचा शब्द अर्थ सांगतो. म्हणून मुलांकडून ‘लाइन म्हणजे रेषा’ अशा सुट्या जोड्या पाठ करून घेऊ नका. सोबतच्या शब्दासकट, अख्खं वाक्य शिकवा.

आणि ब्लाउजला लावतो ते लायनिंग? तेही याच घरातलं. पूर्वी कपड्याला आतून अस्तर लावत ते लिननचं, म्हणजे जवसाच्याच धाग्याचं. नमस्कार.