कवितेला गुण कशाला? स्लॅम, मार्क स्मिथ आणि तीन मिनिटं

नमस्कार मंडळी.

ओपन माइकवरचा, म्हणजे कोणीही येऊन कविता ऐकवावी अशा खुल्या मंचावरचा, व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये स्लॅमबद्दल एकच प्रश्न येतोय. स्लॅम म्हणजे स्टेजवर कविता सादर करायची स्पर्धा. "ताई, स्लॅममध्ये कवितेला गुण देतात म्हणे, खरं का?" "गुण देणारे हे कोण लागून गेले?" एका काकांनी लिहिलंय, "कविता म्हणजे काय दहावीचा पेपर आहे?" काका, प्रश्न रास्त आहे. आणि आता पुण्या-मुंबईत कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्येही स्लॅमच्या स्पर्धा व्हायला लागल्यात, तर एकदा नीट बोलूच.

नियम पटकन सांगते, कारण ते तुम्हाला कुठेही सापडतील. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटं. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात कुठली वस्तू नाही. पाच परीक्षक, शून्य ते दहा गुण, दशांशातसुद्धा देता येतात. पाचांपैकी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकायचे, उरलेल्या तिघांची बेरीज. म्हणजे समजा ८.१, ८.४, ८.९, ९.० आणि ६.५ मिळाले, तर ९.० आणि ६.५ गेले, राहिले २५.४. तीसपैकी. टोकाचे गुण का काढायचे? कवीचा जिगरी मित्र परीक्षक निघाला तर त्याचा दहा बाद व्हावा, आणि ज्याचं कवीशी वाकडं आहे त्याचा दोनही बाद व्हावा. झाले नियम.

आता हे सुरू कोणी केलं ते बघू, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

मार्क स्मिथ. शिकागोचा माणूस, बांधकामावर काम करणारा. प्राध्यापक नाही, समीक्षक नाही. कविता लिहायचा आणि शहरातल्या काव्यवाचनांना जायचा. तिथं काय दिसायचं? कवी खाली मान घालून कागद वाचतोय आणि समोर बसलेत दुसरे कवी, आपला नंबर कधी येतो याची वाट बघत. बाहेरचं कोणी नाहीच. ओळखीचं वाटतंय ना?

तर यानं १९८४ मध्ये 'गेट मी हाय' नावाच्या एका बारमध्ये काव्यवाचनाची मालिका सुरू केली. बारच का? कारण तिथं लोक असतात आणि ते तुमची कविता ऐकायला आलेले नसतात. ऐकवायची असेल तर आधी त्यांचं लक्ष कमवावं लागतं. मग जुलै १९८६ मध्ये तो 'ग्रीन मिल' या जॅझ क्लबमध्ये गेला. शिकागोच्या अपटाउन भागातली जुनी जागा. अल कपोन या कुख्यात गुंडाच्या टोळीचे किस्से जिथले सांगतात तीच. तिथं रविवारी संध्याकाळी त्याचा कार्यक्रम. आणि गंमत म्हणजे स्पर्धा ही मूळ योजनाच नव्हती. त्याच्या कवींच्या गटाकडे शेवटच्या भागापुरतं साहित्य कमी पडलं, म्हणून त्यानं लुटुपुटीची स्पर्धा लावली आणि निकाल प्रेक्षकांवर सोडला. लोकांना तेच आवडलं. पुढं १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तेव्हा एक शिकागोचा संघ, एक सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि न्यू यॉर्कहून एकटा एक कवी. एवढाच पसारा!

आता काका, तुमचं उत्तर. गुण कवितेची लायकी ठरवायला नाहीतच. ते पाच परीक्षक कोण असतात? प्रेक्षकांतून तिथल्या तिथं उचललेले पाच जण. कोणी ऑफिसमधून थेट आलेलं, कोणी मैत्रिणीबरोबर आलेलं, कोणी फक्त जॅझच्या नावानं आत शिरलेलं. मुद्दाम तसेच निवडायचे. त्यांच्या हातात गुण दाखवायची पाटी दिली की ते ऐकायला लागतात. मोबाइल खाली ठेवतात. गुण द्यायचेत तर प्रत्येक ओळ ऐकावी लागते! आणि बाकीचे प्रेक्षक? परीक्षकानं ७.२ दाखवला की ओरडतात, "काहीतरीच काय!" बघा, एका कवितेवरून भरल्या हॉलमध्ये लोक भांडतायत. हेच तर हवं होतं स्मिथला.

बरं, गुण पूर्ण न्याय्य असतात का? नाही. पहिल्या कवीला कमी मिळतात, रात्र चढत जाते तसे आकडे चढतात. म्हणूनच स्पर्धा सुरू व्हायच्या आधी स्पर्धेबाहेरचा एक कवी वाचतो, परीक्षकांचा हात बसावा म्हणून. तरीही चढतात. सगळ्यांना माहीत असतं आणि तरी खेळतात, कारण पणाला लागलेली गोष्ट गुण नसून लोकांचं लक्ष आहे.

एक मजेशीर कमेंट. "आमच्याकडे ओपन माइकला चुटक्या वाजवतात, ती दाद स्लॅममधून आली का?" मंडळी, ग्रीन मिलमध्ये चुटकीचा अर्थ उलटा! तिथं कविता रटाळ झाली की चुटक्या वाजायला लागतात. तरी कवी थांबला नाही तर पाय आपटतात. मग कण्हतात. आणि स्मिथ स्वतःही यातून सुटत नाही. तो स्टेजवर आपलं नाव सांगतो तेव्हा अख्खा हॉल एका सुरात ओरडतो, "मग काय?" ज्यानं हे सगळं उभं केलं त्यालाच. मला हा प्रकार फार आवडतो. हार नाही, शाल नाही, श्रीफळ नाही, 'ज्येष्ठ' नाही. माइकपाशी आलात, आता ऐकवा.

आणि आता मी येते माझ्या विषयावर. तीन मिनिटं.

निम्म्या कमेंट यावरच आहेत. "तीन मिनिटांत काय कविता होते?" "कवीला घड्याळ लावणं हा अपमान आहे." "माझी कविता सहा मिनिटांची आहे, मी काय करू?" मी थोडं मोठ्यानं बोलणार आहे, राग मानू नका.

तुम्ही आपल्याकडच्या कविसंमेलनाला गेला असाल. "एकच कविता सादर करावी" असं निवेदक तीनदा सांगतो. कवी माइकपाशी येतो. आयोजकांचे आभार. अध्यक्षांना वंदन. मग "ही कविता मला कशी सुचली..." ही कथा कवितेपेक्षा मोठी. मग कविता. मग टाळ्या. आणि मग ते वाक्य: "आणखी एक, अगदी छोटीशी." ती छोटीशी कधीच छोटी नसते!

हे मी ज्यांच्यासाठी बोलतेय त्यांना एकदा डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावी एका संमेलनात मी श्रोत्यांत बसले होते. यादीत शेवटच्या दोन-तीन नावांत एक अकरावी-बारावीतली मुलगी. हातात वहीचं पान, चार घड्या घातलेलं, सारखी उघडून बघत होती. तिचे वडील मागं दाराशी उभे, कारण शेवटची एसटी चुकली असती. स्टेजवरच्या एका प्रतिष्ठित कवीला निवेदकानं चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि तिसरी कविता सुरू केली. वडिलांनी मुलीला खुणेनं बोलावलं. ती गेली. तिचं नाव पुकारलं तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि निवेदक म्हणाला, "अनुपस्थित."

अनुपस्थित! ती तीन तास उपस्थित होती.

तर तीन मिनिटं हा पहिल्यांदा त्या मुलीचा नियम आहे. यादीतल्या शेवटच्या माणसाचा. वेळ पाळणं ही शिस्तीची बाब आहे असं लोक समजतात. अहो, तुम्ही घेतलेली जास्तीची पाच मिनिटं हवेतून येत नाहीत, कुणाच्या तरी वाट्याची असतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात नव्या, सगळ्यात भिडस्त माणसाच्या वाट्याची.

दुसऱ्या बाजूनं बघा. ऐकणाऱ्याच्या. आपण सगळे एक तक्रार करतो, "लोकांना कविता नको असते." खरंच? विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव जाऊन काव्यवाचनं केली, लोकांनी गर्दी केली. बापट तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले, समोरचा माणूस धरून ठेवायचा कसा हे त्यांना ठाऊक होतं. लोकांना कविता हवी असते. लोकांना नको असतो तो गृहीत धरणारा कवी. तीन मिनिटं म्हणजे ऐकणाऱ्याशी केलेला करार: माझी कविता नाही आवडली तरी तुम्ही फार काळ अडकणार नाही. हा भरवसा असला की नवखा माणूससुद्धा पुढच्या रविवारी परत येतो.

आणि तिसरी बाजू, खुद्द कवितेची. स्पर्धेच्या नियमांत घड्याळ कधी सुरू होतं माहितीये? कवितेच्या पहिल्या ओळीला नाही. तुम्ही प्रेक्षकांशी संपर्क साधला की सुरू. म्हणजे "ही कविता मला कशी सुचली" हेही त्या तीन मिनिटांतच! दहा सेकंदांची सवलत मिळते, त्यानंतर प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण कापतात. आता तुम्हीच ठरवा, प्रस्तावनेवर चाळीस सेकंद घालवायचे का? बघा काय होतं. प्रस्तावना गळते. मग कवितेतली ती ओळ गळते जी फक्त प्रस्तावना असेल तरच कळत होती. मग तुम्ही पहिली ओळ अशी लिहिता की ती स्वतःच्या पायावर उभी राहील. सहा मिनिटांच्या कवितेचं काय करू, असं विचारणाऱ्या मित्रा, ती मोठ्यानं म्हण आणि कुठं तुझंच लक्ष उडतंय ते बघ. तिथं पेन्सिल फिरव. तरीही सहा मिनिटांचीच राहिली, तर ती तुझ्या पुस्तकात जाऊ दे, तिचा मान तिथं आहे.

दोन-तीन जणांनी लिहिलंय, "यात नवीन काय? आपल्याकडे कलगी-तुरा होताच." बरोबर! एक फड शक्तीचा, एक शिवाचा, आणि सवाल-जवाबात एकमेकांना पद्यातून कोंडीत पकडायचं. कोकणात शक्ती-तुरा आजही रंगतो, लोक रात्र जागवतात. कवितेत चुरस असणं हे आपल्याला परकं नाहीच, म्हणून गुण म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना मी हेच सांगते. पण फरकही बघा. शाहिराच्या मागं घराणं, गुरू, साथीदार, डफ-तुणतुणं. स्लॅमला मागं काही नाही. परवा पहिली कविता लिहिलेला माणूस आज उभा राहू शकतो. ग्रीन मिलच्या कार्यक्रमाची आखणीच तशी आहे: आधी खुला माइक कोणालाही, मग पाहुणा कवी, मग स्पर्धा.

स्मिथनं पुढं काय केलं, असंही विचारलंय. तो ग्रीन मिलमध्ये टिकून राहिला. स्लॅमचे कवी टीव्हीवर गेले, २००२ पासून काही वर्षं एचबीओवर त्यांचा कार्यक्रम गाजला, पण या व्यावसायिक वळणावर स्मिथ उघडपणे नाराज होता. बाहेरच्या माणसांसाठी मांडलेला हा प्रयोग आता करिअरची शिडी होतोय, हा त्याचा आक्षेप. टीव्हीमुळे लाखो लोकांपर्यंत कविता गेली, हे चांगलंच झालं असं मला वाटतं. पण टीव्हीसमोरचा माणूस कवीला "मग काय?" असं ओरडू शकत नाही, आणि स्मिथला तो आवाज हवा होता. त्या बाबतीत मी त्याच्या बाजूची आहे.

शेवटचा प्रश्न, एका ताईंचा. "तीन मिनिटं संपली तर माइक बंद करतात का? मध्येच थांबवतात का?" नाही ताई. तीन मिनिटं झाली म्हणून कोणी हात धरत नाही, फक्त गुण जातात; पार चार मिनिटांपुढं गेलात तर मात्र थांबवू शकतात. पण घरी सराव करताना तीन मिनिटांची कविता बसवू नका, अडीचची बसवा. स्टेजवर लोक हसतात, तिथं थांबावं लागतं. एखाद्या ओळीवर टाळी येते, तिथं थांबावं लागतं. आरशासमोर ही जागा लागत नाही, हॉलमध्ये लागते. मोबाइलवर रेकॉर्ड करा, वेळ बघा, आणि "नमस्कार, माझं नाव" इथपासून मोजा.