प्रेरणेचं भाषण आणि मोरूमामांचा फळा

(वसंत व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधी भरून मग पुढच्या रांगेत आलेले श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'दुसऱ्याच्या आवडीला बळ देण्यातलं प्रयोजन'. तो मीच कळवला होता, त्यामुळे तक्रार नाही. माझ्या नावाआधी 'प्रेरणादायी वक्ते' असं छापलंय, ते मात्र संयोजकांचं औदार्य. प्रेरणादायी वक्त्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्यांचं भाषण ऐकून माणूस जग जिंकायला निघतो आणि पार्किंगमधून स्कूटर काढेपर्यंत घरी दूध न्यायचंय एवढंच त्याच्या लक्षात राहतं. आता यावर मी तासभर भाषण देणार, यातली गंमत मलाही कळते. हसा, हसा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आवड सांगून लागत नाही. कुणीतरी समोर प्रश्न ठेवावा लागतो आणि मग गप्प बसावं लागतं. यातलं गप्प बसणं अवघड. शिक्षकांना तर फारच. चाळीस मिनिटांचा तास लावून दिलेला असतो हो.

जयंत नारळीकर बनारसला वाढले हे तुम्हाला माहीत आहे. वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, घरात मुलांसाठी भिंतीवर फळे. त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, गणितात एम.एस्सी. करायला बहिणीकडे येऊन राहिले. भाच्याची गणितातली गोडी त्यांनी हेरली आणि एका फळ्यावर गणित घालायला सुरुवात केली. वर मथळा, 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जे.व्ही.एन.'. भाच्याने सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसायचं नाही. अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नाही, मार्क नाहीत. जाता-येता ते गणित भाच्याकडे बघतंय! 'बाळ, गणित किती सुंदर आहे' असं काही मामांनी ऐकवल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

पुढे हा भाचा स्वतः मोठा झाला, तेव्हा मुलं व्याख्यानानंतर सह्यांसाठी गराडा घालायची. ते सांगायचे, पोस्टकार्डावर मला विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देतो. सहीसाठी का होईना, पोराला आधी प्रश्न शोधावा लागे. विज्ञानप्रसारासाठी त्यांना १९९६ साली युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर त्या पोस्टकार्डांसाठीच एखादा वेगळा द्यायला हवा होता.

याउलट आपलं विज्ञान प्रदर्शन बघा. मी ज्या शाळेत शिकवत होतो तिचं नाव घेत नाही, इथे तिचे माजी विद्यार्थी बसलेत. दरवर्षी ज्वालामुखी. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. डोंगर वडिलांनी केलेला, तक्त्यावरचं अक्षर आईचं, आणि मूल शेजारी इस्त्रीच्या गणवेशात उभं. परीक्षक विचारतात, 'हे का उसळतं?' मूल आईकडे बघतं. मग प्रशस्तिपत्रकं. एका वर्षी प्रशस्तिपत्रकं छापायला जो खर्च आला, त्यात वर्गाला पुरतील एवढी भिंगं आली असती. हे मी सभेत बोललो, तर पुढच्या वर्षी मला मंडप समितीत टाकलं. तिथेही ज्वालामुखी माझ्याच पंख्याखाली.

(हशा.) हो, पण त्याच सुमारास आरशाची गोष्ट घडली. ती आज सांगितल्याशिवाय मला घरी घेणार नाहीत.

दुर्बिणीचा आरसा हाताने घासता येतो. सारख्या मापाच्या दोन जाड गोल काचा घ्यायच्या, मधे पाणी आणि कार्बोरंडमची पूड, आणि वरची काच खालचीवर पुढे-मागे, फिरवत फिरवत घासायची. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड आधी भरड, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. प्रत्येक टप्प्याला टेबल, बादली, हात, नखं, सगळं धुवायचं, कारण मागच्या पुडीचा एक कण जरी राहिला तरी चरा पडतो.

नववीतला एक मुलगा. वर्गात मागचा बाक, गणितात काठावर. मी प्रयोगशाळेत सहा इंची काच घासत होतो. तो दारात उभा राहिला. मी काही बोललो नाही. खरं तर आकडे मोजत होतो म्हणून. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा काच त्याच्या हातात दिली आणि पेपर तपासायला बसलो. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, पोरगं घासतंय. पॉलिश होत आलं आणि काचेवर चरा दिसला. 'सर, चालेल का?' मी म्हटलं, चालेल की. आणि ते खरंच आहे, एका बारीक चऱ्याने प्रतिमेत काही फरक पडत नाही, चंद्रावरची विवरं तेवढीच दिसतात. सोमवारी येऊन बघतो, तर पठ्ठ्याने पॉलिश सोडून दोन पुड्या मागे जाऊन पुन्हा घासायला घेतलेलं. गुरुजी 'चालेल' म्हणतायत आणि विद्यार्थ्याला चालत नाही! त्या दिवसापासून तिथे माझी गरज उरली नाही. इतकं बरं मला नोकरीत क्वचित वाटलं.

ही गोष्ट सांगितली की हमखास प्रश्न येतो, 'मग तो नासात गेला का?' नाही. त्याचं रसवंतीगृह आहे. हंगामात अंधाऱ्या रात्री दुकान बंद केलं की बाहेर दुर्बीण लावतो, आणि रसाला आलेल्या गिऱ्हाइकाला शनीची कडी दाखवतो. काही जण हे ऐकून हळहळतात. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे ज्या विषयावर बोलायला बोलावलं, तो आता सुरू करतो.

एक. प्रयोजन मिळतं ते समोरच्याच्या यशातून नाही. यशाचा हिशोब ठेवलात तर तुम्ही क्लासवाले झालात. तो तुमचा शब्द ओलांडून स्वतःचा चरा स्वतः काढायला लागला, तिथे तुमचं काम झालं. मोरूमामांचा भाचा गणितात नापास झाला असता तरी तो फळा मी चांगलाच म्हटला असता.

दोन. तुमची स्वतःची आवड चालू पाहिजे. मी काच घासत नसतो तर तो दारात कशाला थांबला असता? निवृत्तांना विशेष सांगतो, मुलांना प्रेरणा द्यायला शाळेत जाऊ नका. तुम्हाला जे येतं, पेटी, बुरूडकाम, पक्षी ओळखणं, ते दार उघडं ठेवून करा.

तीन, हे घाईत सांगतोय, पण महत्त्वाचं आहे. पैसा आणि जागा लागते. नुसत्या तळमळीवर हे चालत नाही. पुण्यात आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली, तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. हा सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात पु. ल. आहेतच, कारण देणगी त्यांच्याकडून आली. विनोदी लेखकाच्या पैशातून मुलांची प्रयोगशाळा, हा आदर्श गावोगावच्या देणगीदारांनी घ्यायला हरकत नाही. मंदिराच्या पायऱ्यांवर नावं कोरायला आता जागाही राहिलेली नाही.

चौथा मुद्दा होता, तो राहू द्या. ज्यांना आरसा घासायचाय त्यांनी रविवारी सकाळी घरी या. सहा इंच व्यासाच्या दोन काचा आपल्या आपण आणायच्या, किमान पाऊण इंच जाड. कार्बोरंडम मी देईन. जुने कपडे घाला. चहा मिळेल, भाषण होणार नाही.