बेवारस गुरं, लांडगे आणि एक सरकार

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या वायव्येला ऑरेगनमध्ये विलामेट नदीचं सुपीक खोरं आहे. १८१८च्या करारानं या मुलखात ब्रिटन आणि अमेरिका दोघांच्याही माणसांना मोकळीक होती, पण कारभार कुणाचाच नव्हता. फरचा व्यापार करणाऱ्या ब्रिटिश हडसन बे कंपनीचा शब्द चालायचा, तोही तिच्या माणसांपुरता.

फेब्रुवारी १८४१मध्ये तिथे यूइंग यंग वारला. १८३७ साली कॅलिफोर्नियातून सहाशेच्या वर गुरं डोंगरदऱ्यांतून हाकत आणणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या. त्याच्यामागे जमीन होती, गुरं होती, पण मृत्युपत्र नाही आणि वारसाचा पत्ता नाही. आता वाटणी करणार कोण? शेवटी वसाहतवाल्यांनी सभा घेतली, तिथल्या ख्रिस्ती मिशनचे डॉक्टर आयरा बॅबकॉक यांना न्यायाधीश नेमलं आणि न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे निवाडा करा म्हणून सांगितलं.

पुढे दोन वर्षांनी लांडग्यांनी गुरं फाडायला सुरुवात केली. मारलेल्या श्वापदामागे बक्षीस द्यायचं ठरलं, त्यासाठी वर्गणी काढली, पैसे सांभाळायला खजिनदार नेमला. मला ही पायरी फार मोलाची वाटते. वर्गणी आणि खजिनदार आला की हिशेब आला, हिशेब आला की तो विचारणारी सभा आली.

२ मे १८४३ रोजी याच खोऱ्यातल्या शाम्पोएग गावी सगळे जमले. सरकार हवं की नको? बरेच फ्रेंच कॅनेडियन शेतकरी नको म्हणाले. त्यांचं कंपनीशी जुनं नातं, आणि अमेरिकनांच्या हाती सत्ता जाण्याची भीती खोटी नव्हती. जो मीक या शिकाऱ्यानं लोकांना दोन बाजूंना उभं केलं, असं सांगतात. परंपरेनं चालत आलेला आकडा ५२ विरुद्ध ५० असा आहे.

जुलैत कायदे मंजूर झाले. गव्हर्नर नाही, तीन जणांची समिती. कर नाही, ऐच्छिक वर्गणी. प्रत्येकाला ६४० एकरांपर्यंत जमिनीवर हक्क सांगता येईल. गुलामगिरीला बंदी.

मात्र पुढच्याच वर्षी याच सरकारनं काळ्या माणसांना मुलूख सोडण्याचा हुकूम काढला. न सोडणाऱ्याला फटके. आणि ज्या एकरांची नोंद वहीत होत होती, ती जमीन खोऱ्यातल्या मूळ रहिवासी कालापुया लोकांची होती. तापाच्या साथींनी ते आधीच खचले होते. शाम्पोएगच्या मतदानात त्यांना कुणी विचारलं नाही.